थॉर्पवेलची चौकशी

नेब्रास्का राज्यातल्या थॉर्पवेल टाउनशिपमध्ये विहीर नाही. थॉर्प नावाच्या माणसाने तिथे एक खणली होती, पाणी लागलं नाही, तो ऑरेगनला निघून गेला आणि मागे 'थॉर्पची विहीर' हे नाव तेवढं राहिलं. ही माहिती मी रघुवीरकाकांना दिली तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "म्हणजे दलदल नाही. घरांना ओल नसणार. पुढे?"

मी पुढे सांगितलं. पुढेही सगळं असंच होतं.

हे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातलं, लीड्समधलं. त्या वर्षी इंग्लंडात खराखुरा उन्हाळा आला होता. तीस डिग्रीला घाबरून इंग्रज माणसं बागेत शर्ट काढून आडवी पडलेली, आणि त्यांच्यामधून नागपूरची ऋजुता कार्डिगन घालून कामावर जायची. ऋजुता ही काकांची सख्खी भाची. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती आणि मामा-मामींकडे राहायची. मीही तिथेच राहायचो, पण माळ्यावर आणि भाडं देऊन. पुण्याच्या कंपनीने मला इथल्या एका बँकेच्या कामासाठी पाठवलं होतं. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटच्या तळाशी 'आपण रक्कम भरली असल्यास या सूचनेकडे दुर्लक्ष करावे' असं एक वाक्य असतं. ते वाक्य योग्य जागी छापलं जातंय ना, हे बघायला एक टीम होती. मी त्या टीममध्ये होतो. घरी मी 'सॉफ्टवेअर' एवढंच सांगितलं होतं.

काका एकेकाळी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते, पण त्यांची खरी कीर्ती लग्नाच्या चौकशीतली. ब्रिटनमधल्या कुठल्याही मराठी घरात मुलाचं किंवा मुलीचं जमत आलं की कॉव्हेंट्रीहून, स्लाऊहून फोन यायचा: रघुवीरराव, जरा बघता का. काकांची पद्धत ठरलेली होती. घराणं, शेजार, आजार, व्यवहार, याच क्रमाने. नातेवाइकांना विचारायचं नाही, कारण ते एकतर फार चांगलं सांगतात नाहीतर फार खरं. विचारायचं शेजाऱ्याला, दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराला. लिहून काही घ्यायचं नाही. स्लाऊच्या एका मुलाचं अगदी हॉल बुक होण्यापर्यंत आलेलं लग्न त्यांनी थांबवलं होतं, कारण शेजारची आयरिश बाई म्हणाली की हा मुलगा कचऱ्याचा बिन रस्त्यावर नेऊन ठेवतो पण रिकामा झाला की आत आणत नाही. काकांचं म्हणणं, अर्धं काम करून समाधान पावणारा माणूस संसाराला घातक. मुलीकडच्यांना ते पटलं. मलाही पटलं, आणि तेव्हापासून घरचे दोन्ही बिन मीच आत आणायला लागलो.

तर अशा माणसापुढे भाचीचा प्रश्न आला, लग्नाचा नाही, नोकरीचा. पण त्यांच्याकडे पद्धत एकच होती.

प्रश्न असा होता. सरकारने नियम बदलले होते. हॉस्पिटलातल्या जागा आता आधी इथल्यांना, मग युरोपातल्यांना, आणि त्यातूनही उरल्या तर आपल्याला, आणि उरत काही नव्हत्या. ऋजुताचं परमिट सप्टेंबरअखेर संपत होतं. तिने ॲबरडीनपासून प्लिमथपर्यंत अर्ज केले. सगळीकडून नकार आला आणि सगळीकडून इतक्या सभ्य भाषेत आला की पहिले दोन तिने आनंदाने मोठ्याने वाचायला घेतले होते. मग एका एजन्सीने अमेरिकेतली जागा दाखवली: थॉर्पवेल टाउनशिप, तिथलं वृद्धांचं नर्सिंग होम, व्हिसा वगैरे सगळं तेच बघणार. नागपूरहून तिच्या आईने, नंदाताईंनी, फोनवर निकाल दिला की दादाला चौकशी करू दे. तो हो म्हणाला तर जा, नाही म्हणाला तर सरळ घरी ये. ऋजुता दमलेली होती. ती म्हणाली चालेल, कुणीही ठरवा, फक्त लवकर ठरवा.

काकांना कॉम्प्युटर येत नव्हता. नेब्रास्कात ओळखीचं कुणी नव्हतं. गुजराती दुकानदारालाही विचारून झालं, त्याचा भाऊ न्यू जर्सीत होता आणि त्याने कळवलं की नेब्रास्का नावाचं काही आहे हे त्याने ऐकलंय. तेव्हा चौकशी माझ्याकडे आली. एका गावाचा भूगोल आणि इतिहास काढायचा आणि रोज संध्याकाळी चहानंतर काकांना सांगायचा.

आता माझी अडचण. मला ऋजुता आवडायची.

ही गोष्ट मी लपवली नव्हती. उलट एकदा भर पंगतीत सांगितली होती. माझ्या वाढदिवसाला श्यामलाकाकूंनी विचारलं, पुष्कर, तुला काय हवं रे, आणि मी म्हटलं, ऋजुताशी लग्न. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काकांनी त्यांच्या पाठीत थोपटलं आणि थोपटता थोपटता तेही हसले. ऋजुताही हसली, पण इतरांपेक्षा जरा उशिरा. त्या उशिरावर मी पुढे कित्येक महिने काढले. चूक त्यांची नव्हती. घरात टीव्ही आहे का हे विचारायला टीव्ही लायसन्सवाल्यांचा फोन आल्यावर 'घरात कुणी नाही, मी टीव्ही बोलतोय' असं सांगणाऱ्या माणसाने लग्नाचा विषय काढला तर लोक हसणारच. काकूंनी तर मला घरचाच मुलगा ठरवून टाकलं होतं आणि ऋजुताने मला ओवाळावं म्हणून दर दिवाळीत त्या तबक घासायला काढायच्या. दर भाऊबिजेला मला कॉव्हेंट्रीला अर्जंट काम निघायचं. कॉव्हेंट्रीत माझं काहीही काम नव्हतं. मी तिथल्या बस स्टेशनवर बसून सँडविच खाऊन परत यायचो.

चौकशी हातात आल्यावर मी साधा हिशोब केला. काका हो म्हणाले तर नेब्रास्का, नाही म्हणाले तर नागपूर. दोन्हीकडून ती जाणारच, पण नागपूर निदान पुण्याहून रात्रीच्या गाडीला बसून गाठता येतं. म्हणजे थॉर्पवेलमध्ये खोट काढायची. आणि खोट काढायला खोटं बोलावं लागणार नव्हतं. इतकं भकास गाव मी नकाशावर उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

घराण्यापासून सुरुवात केली. मी सांगितलं की काका, हे गाव नाहीच, हा चौकोन आहे. मोजणीवाले साखळ्या घेऊन आले आणि त्यांनी सगळा प्रदेश सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा कापला, वडी कापतात तसा. माणसं नंतर आली. म्हणजे माणसं आधीही होती, पावनी नावाचे मूळ रहिवासी होते, पण ते चौकोनात राहत नव्हते, तेव्हा त्यांना दक्षिणेला हाकललं. काकांनी यावर रिकामा कप बशीत ठेवला. मला वाटलं, जमलं. मग ते म्हणाले की खोलात गेलं तर प्रत्येक घराण्यात असं काहीतरी निघतं, आणि काकूंकडे आणखी चहा मागितला.

मी चिकाटी सोडली नाही. म्हटलं, पृथ्वी गोल असल्यामुळे चौकोन नीट बसेनात. उत्तरेकडची रांग जरा आखूड पडली. त्यामुळे सरळ जाणारा रस्ता तिथे कारण नसताना काटकोनात वळतो आणि मग पुन्हा सरळ जातो, आणि अधूनमधून कुणीतरी न वळता थेट मक्यात शिरतं. सगळ्या गावात तेवढं एकच वळण आहे.

"हिशोब चुकला तर मान्य करून वाट बदलतात," काका म्हणाले. "आपल्याकडे मक्यात रस्ता काढला असता. बरं आहे घराणं."

शेजाराच्या दिवशी मी मुद्दाम रेल्वे काढली. थॉर्पवेलवाल्यांना कळलं होतं की रेल्वे येणार. त्यांनी हॉटेल बांधलं, बँक बांधली, चर्च बांधलं, आणि रेल्वे चार मैल दक्षिणेकडून गेली. मग त्यांनी काय केलं, तर हिवाळ्यात जमीन गोठल्यावर घरांखाली ओंडके घातले, घोडे जुंपले आणि घरं ओढत रेल्वेपाशी नेली. बँकसुद्धा नेली. ओढता ओढता ती चालू होती म्हणे, लोक बाजूने चालत पैसे काढत होते. चर्च वाटेत फसलं ते फसलंच. अजून तिथेच आहे, मक्यात, जुन्या आणि नव्या जागेपासून सारखंच लांब. पुढे रेल्वे बंद झाली. म्हणजे गाव मूळ जागी नाही, नव्या जागेला अर्थ नाही, आणि देवळाला शेजार नाही. मी म्हटलं, काका, जे गाव स्वतःला सोडून गेलं, ते आपल्या मुलीला काय सांभाळणार?

वाक्य चांगलं होतं. ऑफिसात बसून तयार केलं होतं.

काकांचे डोळे मिटलेलेच. "म्हणजे सगळे एकत्र गेले," ते म्हणाले. "एकही घर मागे राहिलं नाही. आमच्या गल्लीत दोन घरांचं एका पेंटरवर एकमत होत नाही."

मग मी वादळ सांगितलं. वावटळीने शाळेचं छप्पर उचलून पलीकडच्या टाउनशिपमध्ये टाकलं. आणि मग मला, चौकशी करणाऱ्याने अर्धवट सांगू नये या काकांच्याच शिस्तीमुळे, उरलेलंही सांगावं लागलं: पलीकडच्यांनी ते गाडीवर घालून परत आणून दिलं, वर दोन तुटके वासेही बदलून. काकांनी डोळे उघडले आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "श्यामला, ऐकलंस? शेजार बघ."

आजाराचा दिवस तर माझ्यावरच उलटला. मी म्हटलं, गावात तरुण माणूस नाही, सगळी म्हातारी. काका म्हणाले, दीर्घायुषी. मी म्हटलं, दारू मिळत नाही, टाउनशिपने फार पूर्वी बंदी घातली ती उठवायची कुणाला आठवण राहिली नाही. काका म्हणाले, निर्व्यसनी. मी म्हटलं, थिएटर नाही, मॉल नाही, सर्वांत उंच जागा म्हणजे धान्याचं कोठार, आणि लोक रविवारी त्याच्याकडे बघतात. हे शेवटचं मी पदरचं घातलं होतं. काका म्हणाले, समाधानी.

त्या शनिवारी ऋजुता आणि मी कर्कगेट मार्केटला गेलो. आम्ही बहुतेक शनिवारी जायचो, भाजी आणि काकांचे मासे आणायला. बस स्टॉपवर तिने नेहमीप्रमाणे दोन बोटं माझ्या हनुवटीवर ठेवून मान मागे ढकलली. माझी मान कॉम्प्युटरमुळे पुढे आलेली होती आणि दोन वर्षं ऋजुता ती मागे नेत होती. दिवसभरात ती पुन्हा पुढे यायची. तो आमच्यातला एकमेव स्पर्श होता, त्यामुळे मी मान सुधारण्यासाठी काहीही करत नव्हतो.

ती म्हणाली की मामा रोज रात्री जेवताना थॉर्पवेलचं कौतुक करतात. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत तिने विचारलं, "चौकशी राहू दे. तुझं स्वतःचं मत काय आहे?"

"माझं मत आहे की तिथे भेंडी मिळणार नाही."

ती थांबली. रस्त्यावर बस दिसत नव्हती. "अजून?"

"कोथिंबीरही अवघड आहे."

ती हसत नव्हती. हे मला लगेच कळलं. कळूनही माझं तोंड काही थांबलं नाही, ते कढीपत्त्यावर गेलं, तिथून गवारीवर गेलं, आणि मी गवारीबद्दल बोलत असताना बस आली. वरच्या मजल्यावर ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिने मासे ठेवले.

राहिला व्यवहार. काकांचं म्हणणं, व्यवहार कागदावर कळत नाही, तिथल्या माणसाशी बोलावं लागतं. मी टाउनशिपच्या क्लार्कचा नंबर शोधून काढला. काका स्वतः बोलू शकत नव्हते. त्यांचं इंग्रजी इतक्या वर्षांत अस्सल इथलं, यॉर्कशायरचं झालं होतं आणि अमेरिकेने ते ऐकून फोन ठेवला असता. ठरलं असं की बोलायचं मी, काका शेजारी बसून प्रश्न सांगणार. रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे चर्च सुटून जेवणं आटोपल्यावर, मी हॉलमधून फोन लावला. काकू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. ऋजुता जिन्याच्या खालच्या पायरीवर टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती.

क्लार्कबाईंचं नाव व्हर्ना. पंचाहत्तरी ओलांडलेल्या. टाउनशिपचं ऑफिस म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातला चमच्यांखालचा ड्रॉवर. मी सांगितलं की मी इंग्लंडहून, एका मुलीच्या मामांच्या वतीने, तुमच्या गावाची चौकशी करायला फोन केलाय. त्यांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की थांबा, खुर्ची घेते.

त्या बोलायला लागल्या आणि मी काकांना सांगत गेलो. क्लार्कच्या निवडणुकीला दुसरं कुणी उभं राहत नाही. एका वर्षी व्हर्नाबाईही उभ्या राहिल्या नाहीत, तर लोकांनी मतपत्रिकेवर हाताने त्यांचं नाव लिहून त्यांना निवडून दिलं. त्यांनी स्वतः कुणाला मत दिलं, असं काकांनी विचारायला लावलं. स्वतःलाच, त्या म्हणाल्या, दुसरं नाव सुचेना. गावात भांडणं आहेत का? एक आहे. दोन सख्खे भाऊ, कुंपणावरून, तरुणपणापासून बोलत नाहीत. पण हिवाळ्यात धाकटा पहाटेच मोठ्याच्या दारातलं बर्फ काढून जातो, तो उठायच्या आत, म्हणजे त्याला आभार मानावे लागू नयेत. हे मी सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला.

मी शेवटचा प्रयत्न केला. विचारलं की आधीच्या फिजिओथेरपिस्टचं काय झालं. त्या म्हणाल्या, गेली, एका हिवाळ्यात. त्याच्या आधीचा तर त्याच राज्यातल्या ओमाहा शहराचा मुलगा होता, तो हिवाळ्यापर्यंतही टिकला नाही. मी रिसीव्हरवर हात ठेवून काकांना म्हटलं, आधीचे दोघं पळून गेलेत.

"बाईने लपवलं नाही," काका म्हणाले. "व्यवहार चोख."

माझ्याकडचं सगळं संपलं. मी आभार मानून फोन ठेवणार होतो, तेवढ्यात व्हर्नाबाई म्हणाल्या की आता माझी पाळी.

आणि त्यांनी चौकशी सुरू केली. काकांसारखीच, पायरी पायरीने, घाई न करता. मुलगी गाडी चालवते का. कुत्र्यांना घाबरते का. एकटीचा स्वयंपाक करून खाते की सँडविचवर भागवते. मग त्यांनी विचारलं की सांगितलेले व्यायाम न करणाऱ्या हट्टी पुरुषांपुढे तिचा धीर टिकतो का. मी म्हटलं, दोन वर्षं ती माझी मान सरळ करतेय. झाली का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. पण करतेच आहे? हो म्हटलं. मग चालेल, त्या म्हणाल्या.

ऋजुताच्या घड्या थांबल्या होत्या.

मग बाईंचा आवाज उतरला. त्या म्हणाल्या की त्यांचे यजमान, अर्ल, त्याच नर्सिंग होममध्ये आहेत, खुब्याचं हाड मोडलंय. आधीच्या मुलीने त्यांना खिडकीपर्यंत चालवत आणलं होतं. ती गेल्यावर ते खुर्चीत बसले ते बसलेच. "इथे येतात ती मुलं चांगली असतात," त्या म्हणाल्या. "पण मागे त्यांचं कुणीतरी असतं. रविवारी फोन येतो, सोमवारी डोळे सुजलेले असतात, मार्चमध्ये सामान बांधतात. अर्लला मी पुन्हा ते बघू देणार नाही. म्हणून मला सरळ सांग. तिचं तिकडे कुणी आहे का?"

काकांनी कोपराने ढोसलं, काय विचारतायत म्हणून.

"विचारतायत, मुलीचं इकडे कुठे काही आहे का."

काकांना बाईंचं भारी कौतुक वाटलं. हाच प्रश्न ते प्रत्येक चौकशीत शेवटी विचारायचे. "सांग, नाही म्हणून," ते म्हणाले. "माझी गॅरंटी आहे म्हणावं."

मी ऋजुताकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, मांडीवर टॉवेल, आणि चेहऱ्यावर ते बस स्टॉपवरचं थांबणं. मला भेंडी आठवली. मला गवार आठवली. मी फोनमध्ये इंग्रजीत म्हटलं, "आहे. एक जण आहे. मी."

काका हसले. स्वयंपाकघरातून काकूंचाही हसण्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या की गप रे, परदेशी बाईची काय थट्टा करतोस. व्हर्नाबाई हसल्या नाहीत. त्या मला ओळखत नव्हत्या. मी विनोदी माणूस आहे हे ठाऊक नसलेली ती माझ्या ओळखीतली एकमेव व्यक्ती होती.

"तिला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, समोरच बसली आहे.

"मग मला काय सांगतोस, बाळा? तिला विचार."

मी रिसीव्हर खाली घेतला. काका अजून हसतच होते, पण त्यांचं हसू आता एकटं पडलं होतं, आणि माझ्या तोंडाकडे बघता बघता तेही थांबलं. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"त्या म्हणतायत, तुला विचार," मी ऋजुताला म्हटलं.

"आणि तू काय म्हणतोयस?"

"मीही तेच म्हणतोय."

तिने हातातला टॉवेल घडी घालून ढिगावर ठेवला, वरून हात फिरवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "दोन वर्षं मी या घरात होते, पुष्कर," ती म्हणाली. "खाली. तू माळ्यावर. मधे एक जिना होता. आणि तू नेब्रास्काला फोन करून सांगितलंस."

मी म्हटलं की वाढदिवसाला सांगितलं होतं.

"काकडीची कोशिंबीर वाढता वाढता सांगितलं होतंस. आणि सगळे हसल्यावर तूही हसलास. सगळ्यांत मोठ्याने." तिने ढीग पायरीवर सारखा केला. "मी उद्या नागपूरला गेले, किंवा तुझ्याशी लग्न करून इथे राहिले, तरी मला रोज बघावं लागेल की आता हा खरं बोलतोय की गंमत. मी नाही रे करू शकत. मी थकलेय. त्यांना सांग, इकडे कुणी नाही."

"ऋजुता," काका म्हणाले. कॉव्हेंट्रीपासून स्लाऊपर्यंतच्या घरांत कुणाचं कुणाशी काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिले. "गावात तर काही दोष नाही रे," ते मला म्हणाले, अगदी हळू, जणू माफी मागत असावेत. "मी आता नाही कशावर म्हणू?"

मी रिसीव्हर कानाला लावला. व्हर्नाबाई वाट बघत होत्या. मागे कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. मी सांगितलं की मुलगी म्हणतेय, इकडे कुणी नाही.

बाईंनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतंय. मग म्हणाल्या की त्यांना बरंही वाटतंय, आणि ते कसं ते मला समजेल. मला समजलं. मला खिडकीशी न गेलेले अर्लसाहेब दिसत होते. माझी इच्छा नसतानाही ते मला फार आवडायला लागले होते. मग त्या नाक ओढून कामाच्या आवाजात म्हणाल्या की तिच्याकडे बर्फातले बूट नसणार, इंग्लंडातले तिथे चालत नाहीत, त्या आधीच घेऊन ठेवतील. फक्त माप हवं.

मी जिन्याकडे वळलो.

"त्या विचारतायत, पायाचा नंबर काय."

"चार," ऋजुता म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती पुढचा टॉवेल घेत होती.

इंग्लंडमधला चार म्हणजे अमेरिकेतला सहा. चुकीचे बूट येऊ नयेत म्हणून मी तो सहा व्हर्नाबाईंना दोनदा सांगितला, आणि त्यांनी लिहून घेतल्यावर पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावला.